एकोणीस नंबरच्या नांग्या

लोटन पाटलावर लिही, असं मला कुणीही सांगितलेलं नाही. आमच्या सरकारी कापूस फार्मला यंदा, सत्तेचाळीस साली, पंचवीस वर्षं होतात आणि त्याचं एक पुस्तक निघणार आहे. त्यात कुणाकुणाचे फोटो घालायचे त्याची यादी मागच्या आठवड्यात माझ्या टेबलावर आली, सुवाच्य अक्षरात नक्कल काढायला. नऊ साहेब, दोन मामलेदार आणि एक बैल. होय, बैल! अडतीस सालच्या प्रदर्शनात पहिला आला होता म्हणे. यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. लोटनचं नाव नाही. माझं टाळकंच सरकलं.

नक्कल काढून दिली, नोकरी आहे. पण आता जे लिहितोय ते कुणाच्या हुकमानं नाही. छापलं नाही तर नका छापू.

लोटन उखा पाटील म्हसावदचा. त्याच्या भावांची काळी कसदार जमीन, घरात दूधदुभतं, नोकरीची त्याला काडीचीही गरज नव्हती. पंचवीस सालच्या हंगामात त्यांच्या एका शेतात कापसाला मर लागली. हिरवीगार झाडं आठ दिवसांत माना टाकून बसली. भाऊ वखर घालायला निघाले तेव्हा लोटनला दिसलं की शेताच्या मधोमध एक झाड उभं आहे. टवटवीत, बोंडांनी लगडलेलं, आजूबाजूला सगळं वाळलेलं आणि हे आपलं उभं. भाऊ म्हणाला, एका झाडाचं काय लोणचं घालायचंय का? लोटन बैलांच्या पुढ्यात आडवा उभा राहिला. त्या झाडाची सरकी भरली जेमतेम दोन मुठी. ती त्यानं उपरण्याच्या टोकाला बांधली आणि पुढच्या साली आमच्या फार्मवर कामदार म्हणून लागला.

पाटलाच्या घरचा माणूस आणि सरकारी शेतात कामदार! गावानं नावं ठेवली, भावांनी बोलणं टाकलं. ह्यानं एक शब्द उलट केला नाही. त्याला एकच गोष्ट पाहिजे होती. त्या झाडाची औलाद म्हसावदच्या शेतांतून उभी राहिलेली त्याला पाहायची होती, आणि त्यासाठी फार्मचा शिक्का लागतो हे त्याला कळत होतं. साहेबाला त्यानं एक मूठ सरकी दिली. दुसरी मूठ आपली आपल्याजवळ ठेवली आणि दरसाल घरामागं चार झाडं लावून ती जिवंत राखली.

फार्मच्या वहीत त्या वाणाला नंबर पडला एकोणीस. अकरा वर्षं लोटन एकोणीस नंबरच्या मागं होता. शंभर झाडं लावायची, त्यातली चार ठेवायची, पुन्हा शंभर. बोटावर धागा ओढून लांबी बघायचा. सरकी दातानं फोडून बघायचा. ओळीतून चालताना वहाणा काढून हातात घ्यायचा, देवळात काढतात तशा. आणि त्याची बायको धनुबाई त्याच्या मागं. कापसाचं फूल उमलायच्या आदल्या दिवशी कळीच्या तोंडाला दोरा बांधावा लागतो, म्हणजे परक्या झाडाचा पराग आत शिरत नाही. हे काम धनुबाईचं. एका हंगामात दोन-अडीच हजार कळ्या बांधायची ती बाई. एक कळी कधी मोडली नाही. वहीत तिचं नाव काय होतं? ‘मजूर स्त्री, एक.’ बस्स!

मी बशीर, नंदुरबारचा. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवतात. मी मॅट्रिक झालो आणि चौतीस साली फार्मवर आकडे-कारकून म्हणून चिकटलो. माझ्या टेबलावर एक विलायती यंत्र होतं, दांडा फिरवला की गुणाकार-भागाकार करणारं. दिवसभर खर्रखर्र आवाज. आमच्या भागात जात्याला घट्टी म्हणतात. लोटन दारातून डोकावायचा आणि म्हणायचा, "काय बशीरभाऊ, आज काय दळी ऱ्हायना?"

मी म्हणायचो, आकडे.

"मंग पीठ बारीक काढजो बरं. मन्हा एकोणीसना आकडा शेतस त्यामां."

असा तो. चेष्टा केली तरी एकोणीस नंबरचीच.

छत्तीसच्या शेवटाला नवे साहेब आले. हुशार माणूस, खोटं कशाला बोलू. कलकत्त्याला जाऊन आकड्यांचं नवं शास्त्र शिकून आले होते. त्यांनी ठरवलं की आता सगळ्या वाणांचा एकदाच सोक्षमोक्ष लावायचा. सहा वाण, प्रत्येकाचे आठ तुकडे, म्हणजे अठ्ठेचाळीस तुकडे, आणि कुठला वाण कुठल्या तुकड्यात ते चिठ्ठ्या टाकून. जे दोन वाण पहिले येतील त्यांचं बी गावागावांत वाटायचं. उरलेले चार बाद. बाद म्हणजे कायमचे बाद, बीसुद्धा ठेवायचं नाही, भेसळ नको म्हणून.

लोटननं हे ऐकलं आणि दोन दिवस तो जेवला नाही, असं धनुबाई सांगायची.

साहेबांनी मला खोलीत बोलावून नवी रीत शिकवली. कुठं पाखरं बी टिपतात, कुठं डुकरं ओळ उकरतात, कुठं जमिनीला पापडी धरते. झाडं कमी उगवतात, म्हणून कापूस कमी येतो. त्यात वाणाचा काय दोष? म्हणून प्रत्येक तुकड्यातली झाडं मोजायची. मग हिशेबानं काढायचं की सगळ्यांना सारखीच झाडं मिळाली असती तर कुणाला किती कापूस आला असता. ज्याच्याकडं झाडं कमी त्याची सरासरी थोडी वर चढते, ज्याच्याकडं जास्त त्याची खाली येते. ही सुधारलेली सरासरी. साहेबांचा विलायती शब्द होता कोव्हेरियन्स. मला फार न्यायाचं वाटलं ते. खरोखर आहेच न्यायाचं. पण त्याचा पाया एकच, झाडांची मोजणी. ती खरी असेल तर न्याय, ती खोटी असेल तर त्याच हिशेबानं चांगल्याचा गळा कापला जातो.

म्हणून पेरणीनंतर साहेबांनी हुकूम काढला. नांग्या भरायच्या नाहीत.

पेरलेलं बी उगवलं नाही की ओळीत ज्या मोकळ्या जागा राहतात त्यांना आम्ही नांग्या म्हणतो. चांगला शेतकरी आठ-दहा दिवसांत त्या जागी पुन्हा बी टोबतो. न भरलेल्या नांग्या म्हणजे घरच्या बाईनं पारोशानं चूल पेटवल्यासारखं, चारचौघांत मान खाली घालायची गोष्ट. आणि साहेबांचा हुकूम की हात लावायचा नाही, जेवढं उगवलं तेवढंच मोजायचं. जालमसिंग गिरासे म्हणून आमचा मुकादम होता. त्यानं खळ्यावर सगळ्यांना उभं करून हुकूम वाचला. एका बाईनं विचारलं, का म्हणून? जालमसिंग म्हणाला, हुकमाला का नसतो.

मला ‘का’ माहीत होतं. मी तिथंच उभा होतो, वही काखेत घालून. दोन वाक्यांत सांगता आलं असतं, बायांनो, नांगी उघडी राहिली तरच तुमच्या वाणाला न्याय मिळेल. मी बोललो नाही. मनात आलं, मजुरांना काय कळणार कोव्हेरियन्स? मॅट्रिकची मस्ती, दुसरं काय! थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते आज.

एकोणीस नंबरचं बी कमी होतं. बाकीच्या वाणांच्या प्रत्येक जागी चार-चार दाणे पडले, ह्याच्या दोन-दोनच. त्यात पावसानं ओढ दिली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बघतो तर एकोणीसच्या ओळी सगळ्यांत विरळ. येणारेजाणारे बांधावर थांबायचे. पाटलाच्या कापसाला दात पडले की काय, म्हणून हसायचे. लोटन ऐकून घ्यायचा. हुकूम म्हणजे हुकूम, त्यानं एक दाणा टोबला नाही. नंतर चार दिवस त्याला ताप भरला आणि तो घरी पडून राहिला.

सप्टेंबरात मी झाडं मोजायला निघालो. साहेबांचा नियम होता, जिवंत झाड म्हणजे एक. एकोणीसच्या पहिल्याच तुकड्यात मी थबकलो. ओळी गच्च भरलेल्या! पण चार झाडं कमरेएवढी आणि पाचवं गुडघ्याखाली, फुलाचा पत्ता नाही. मला सवय होती, खुजं झाड दिसलं की आकड्यापुढं वहीत एक ठिपका द्यायचा. ठिपके देत देत पुढं गेलो तर धनुबाई कळ्या बांधत बसलेली. ही झाडं अशी कशी, म्हणून मी विचारलं.

तिनं दोरा दातांत धरला, इकडंतिकडं पाहिलं आणि हसली.

"मांगेतून टोबेल शेतस ती. मीच नांग्या भऱ्यात. कोनले सांगशी नको, भाऊ."

मी म्हणालो, भाभी, हुकूम होता ना.

"हुकूम काढनारानी कव्हय शेती कयी शे का? उघडी तासं देखीसन लोके काय म्हनतीन? लोटन पाटलना कापूस, नि नांग्याच नांग्या! हाऊ तापमां पडेल व्हता, मी दोन सकाळमां आठी तुकडा भरी टाकात."

बी कुठून आणलंत, मी विचारलं.

"घरना मडकामां व्हतं ना, तेच. सगळं टोबी टाकं."

सगळं? मूठभरसुद्धा ठेवलं नाही?

"आते कसाले? फार्मच पिकाडी मोप बी."

इतक्या आनंदानं बोलली ती! आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बरंच केलं बाईनं. भरलेली ओळ, जास्त झाडं, जास्त कापूस. ज्या हिशेबाचा दांडा मीच फिरवणार होतो, तो त्या क्षणी माझ्या डोक्यात आलाच नाही. शेतात उभा होतो आणि शेतकऱ्यासारखा विचार केला, जन्मात एकदाच, आणि तोही नको तेव्हा. साहेबांच्या तक्त्यावर मी नुसते आकडे उतरवले. ठिपके माझ्या वहीत राहिले.

जानेवारीत वेचणी संपली. दर तुकड्याचा कापूस रतलात मोजून माझ्याकडं आला आणि मी दांडा फिरवायला बसलो. आधी साधी सरासरी काढली. पहिला वाण साडेबावीस रतलांच्या थोडा वर. दुसरा कोण? एकोणीस नंबर, एकवीस पूर्णांक चार दशांश. तिसरा वीस पूर्णांक नऊ. मी खुर्चीतून उठलोच. वाटलं धावत जाऊन लोटनला सांगावं. पण काम अर्धंच झालं होतं.

मग झाडांचा हिशेब घातला. सगळ्या तुकड्यांची सरासरी झाडं एकशे ब्याऐंशी. एकोणीसची एकशे नव्वद, सगळ्यांत जास्त! एका झाडामागं बारा शतांश रतल, आठ झाडं जास्त, म्हणून जवळजवळ एक रतल वजा. एकोणीस उतरला वीस पूर्णांक चारवर. तिसऱ्याची झाडं थोडी कमी होती, तो चढला एकवीस पूर्णांक एकवर. दुसरा तिसरा झाला, तिसरा दुसरा.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हात यंत्राच्या दांड्यावरच राहिला. धनुबाईनं मागून टोबलेल्या झाडांनी कापूस दिला नव्हता, पण मोजणीत ती झाडं होती. हिशेब म्हणत होता, एवढी झाडं असूनही एवढाच कापूस? काप ह्याचा! नांग्या उघड्या असत्या तर हाच हिशेब उलटा फिरला असता.

मी सगळे कागद घेऊन साहेबांकडं गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो, खुदाशपथ. साहेबांनी तक्ता पाहिला, भुवई वर केली आणि म्हणाले, "हा एकोणीस घसरला की. मोजणी बरोबर आहे ना?"

सांगितलं असतं तर काय झालं असतं? धनुबाईचं काम गेलं असतं, ते नक्की. हुकूम मोडला म्हणून लोटनचंही. आणि सप्टेंबरात कळूनही गप्प बसला म्हणून माझं. खरं सांगायचं तर हे तिसरं आधी मनात आलं.

"हो साहेब," मी म्हणालो.

मी स्वतःची समजूत घातली की अजून एक दार आहे. प्रत्येक सरासरीपुढं आम्ही अधिक-उणे लिहायचो. आकडा म्हणजे काही जमिनीत ठोकलेली खुंटी नाही, तो इकडंतिकडं किती हलू शकतो ते त्यातून कळतं. दुसऱ्या-तिसऱ्यातलं अंतर सात दशांश रतल, आणि त्या अंतराचं अधिक-उणे एक पूर्णांक एक. म्हणजे हे अंतर अंतरच नव्हे! वाचणाऱ्या कुणालाही कळलं असतं की ह्या दोघांत डावंउजवं करता येत नाही, आणखी एक साल पेरून बघा. मी अहवालाच्या मसुद्यात चार रकाने आखले. साधी सरासरी, झाडांची संख्या, सुधारलेली सरासरी, अधिक-उणे.

छापून आला तेव्हा रकाना एकच होता.

मी विचारायला गेलो. साहेब वैतागले नाहीत, नीट समजावून सांगितलं. पानाची रुंदी पुरत नव्हती. शिवाय वरच्या लोकांना एक आकडा पाहिजे असतो, चार दिले की गोंधळतात. बाजूचं अर्धं पान तापीच्या पुराच्या फोटोनं अडवलं होतं! वर बसलेल्यांनी एकवीस पूर्णांक एक पाहिलं, वीस पूर्णांक चार पाहिलं, एकोणीसवर तांबडी रेघ मारली. त्यांचं काय चुकलं? त्यांना जेवढं दाखवलं तेवढंच त्यांनी पाहिलं.

लोटन माझ्या दारात आला. त्या दिवशी घट्टीची चेष्टा नव्हती.

"कितला कमी पडना, बशीरभाऊ?"

मी सांगितलं, पाऊण रतलाहूनही कमी.

तो ओंजळ करून म्हणाला, "इतला? इतला ते येचनारीनी ओटीमां अटकीसन ऱ्हास."

खरंच होतं ते. वेचणाऱ्या बाईच्या ओटीत राहून जातो तेवढा कापूस. तेवढ्यावर अकरा वर्षं गेली.

बाद वाणाची सरकी जनावरांच्या आंबोणात घालायची, असा नियम. आणि ते काम कुणाकडं? त्या वाणाच्या कामदाराकडं. जालमसिंगलाही जड गेलं सांगताना, पण त्यानं सांगितलं. लोटननं एकोणीस नंबरची पोती स्वतःच्या पाठीवर वाहिली, सरकी हौदात भिजवली आणि गव्हाणीत ओतली. मी कानाशी जाऊन म्हणालो, लोटनभाऊ, मूठभर खिशात टाका, कुणी बघत नाही.

"सरकारनी शे ती," तो म्हणाला. "मन्ही मन्हा मडकामां शे."

त्याला अजून वाटत होतं की मडक्यात आहे! निदान मला तेव्हा तसंच वाटलं. मडकं रिकामं आहे हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. त्या गव्हाणीवर जो पांढरा खिलारी बैल उभा होता, तोच त्या साली प्रदर्शनात पहिला आला. यादीतला फोटो त्याचाच. तुकतुकीत दिसतो फोटोत, दिसणारच.

लोटननं नोकरी सोडली आणि म्हसावदला गेला. भावांच्या शेतात राबायला लागला. त्या शेतात कुठला कापूस? दुसरा आलेला वाण, एकवीस पूर्णांक एकवाला, सरकारी शिक्क्याचा. चव्वेचाळीस साली म्हसावदला पुन्हा मर आली आणि तो वाण अर्ध्याहून जास्त झोपला. अहवालात त्याला कारण दिलंय ‘हवामान’.

ती फोटोंची यादी आल्यावर गेल्या रविवारी मी कचेरी उघडली. कुणी नव्हतं. सदतीस सालची माझी वही शोधून काढली. उधईनं कडा खाल्ल्या होत्या, ठिपके जसेच्या तसे. एकोणीसच्या प्रत्येक तुकड्यात सरासरी चाळीस ठिपके. म्हणजे खरी झाडं एकशे नव्वद नव्हेत, एकशे पन्नास. यंत्राचा दांडा फिरवला. सगळ्यांची सरासरी झाडं आता एकशे पंच्याहत्तरवर आली, एकोणीसची पंचवीस कमी, म्हणून तीन रतल अधिक. एकोणीस नंबर, चोवीस पूर्णांक चार. पहिला आलेला वाण, झाडं आता सरासरीहून जास्त ठरल्यानं, एकवीस पूर्णांक सहा. अधिक-उणेही काढलं, सोडलं नाही. पंचवीस झाडांइतकी लांबची उडी मारली की ते वाढतंच, एक पूर्णांक तीन झालं. त्याची दुप्पट धरली तरी अंतर त्याच्या बाहेर. तीनदा दळलं, तीनदा तेच पीठ.

एकोणीस पहिला होता. वादच नाही. एका रकान्यात घाला नाहीतर चार रकान्यांत.

दुपारच्या मोटारीनं म्हसावदला गेलो. लोटन ओसरीवर बसला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण माझ्या ‘लोटनभाऊ’वरून ओळखलं. म्हणाला, "घट्टीवाला उना का? बठ." मी बसलो आणि सगळं ओकून टाकलं. आकडे, ठिपके, साहेबांना दिलेला ‘हो’, सगळं. तुमचा पहिला होता, लोटनभाऊ, पहिला!

त्यानं विचारलं, "धनु कोठे शे?"

विहिरीवर गेलीय, घागर घेऊन जाताना दिसली, मी म्हणालो.

"मंग हळू बोल. माले माहीत व्हतं."

काय माहीत होतं?

"नांग्या भऱ्यात ते. ताप उतरना नि मी शेतमां गऊ, ते कोंब दिसनात. घर ईसन मडकं देखं, रिकामं."

म्हणजे गव्हाणीपाशी, मडक्यात आहे म्हणाला ते? ते मला गप्प बसवायला. तिची गोष्ट बाहेर पडू नये म्हणून. मी जवळजवळ ओरडलोच, मग तेव्हाच उपटून का नाही टाकलीत ती झाडं?

"कोनी टोबेल व्हतात ती? धनुनी. मी कसा उपटू?" तो म्हणाला. "आनि झाडे मोजीसन कापूस कमी करतस, हाई माले काय माहीत? तू सांगं नही कव्हय."

रागानं नाही म्हणाला. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

मग त्यानं माझा हात चाचपून धरला. "तिले सांगशी नको. ती म्हनस, नांग्या भऱ्यात म्हनीसन एकोणीस तिसरा तरी उना. तेवढंच शे तिन्हाजोडे."

तेवढ्यात धनुबाई आली. केस पांढरेफटक, पाठ वाकलेली, पण हसणं तेच. घागर उतरवली, पदरानं हात पुसले, माझ्या आईची विचारपूस केली, आणि गुळाचा खडा नि तांब्या आमच्या पुढ्यात ठेवला. खाली बसता बसता म्हणाली, "बशीरभाऊ, त्या सालना हिशोब तूच कया व्हता ना? मंग खरं सांग एकदाव. हाऊ मन्हं ऐकत नही. मी नांग्या भऱ्या नसत्यात, ते एकोणीस नंबर एकदम तळमां गया असता ना?"

खिशात नव्या हिशेबाचा कागद होता. बोटांना लागत होता. लोटनच्या आंधळ्या डोळ्यांचा रोख माझ्याकडं होता.

"हां भाभी," मी म्हणालो.

"देख!" ती लोटनला म्हणाली. "दहा साल व्हयनात, मी हाईच सांगी ऱ्हायनू."

लोटननं मान हलवली आणि चाचपडत तांब्या माझ्याकडं सरकवला.